आत उघडणारी खिडकी

मी या घराच्या स्वयंपाकघरातली खिडकी. हो, तीच, जिला सगळे उलटी म्हणतात. मला बुजवायला विटा येऊन पडल्या, तेव्हाच ठरवलं, आता बोलायचंच.

मला सुताराने केलं, पण भिंतीत बसवलं ते या घराच्या मालकांनी. गवंड्याची वाट बघायला त्यांना दम कुठला! रविवारी सकाळी चौकट उभी केली, सिमेंट भरलं आणि मग झडपा उघडून बघतात तर त्या बाहेर उघडायच्या सोडून आत, थेट ओट्यावर. पहिल्याच झटक्यात मिठाची बरणी गेली.

"खिडकी बसवलीत की ओटा झाडायला माणूस ठेवलात?" मालकीणबाई म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी फिरवतो." तो रविवार एकतीस वर्षांत उगवला नाही.

मला मात्र त्यांचा कधी राग आला नाही. कामावरून आले की ते घरात न शिरता मागच्या अंगणात यायचे आणि बोटाच्या पेराने माझ्या चौकटीवर दोनदा टकटक करायचे. आतून आवाज यायचा, "थांबा, ओटा आवरते." डबे सरकायचे, झडपा उघडायच्या, गजांमधून चहाचा कप बाहेर यायचा. ते उभ्याउभ्याच प्यायचे आणि दोघं दिवसभराचं बोलायचे. एवढंच. पण त्या टकटकीची मी दिवसभर वाट बघायचे.

दोन वर्षांपूर्वी मालक गेले. अजूनही संध्याकाळ झाली की मी कान देऊन असते. वाऱ्याने काही आपटलं तरी धस्स होतं.

मालकीणबाईंना आता जिना चढवत नाही, म्हणून मुलाने मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली काढायला घेतली. पाया खणला, भिंती वर आल्या, स्लॅब टाकला आणि माझं ऊन गेलं. मालक उभे राहायचे तिथे फरशी आली. काम झपाट्याने चाललं होतं, सगळे खूश होते. मीच मेली रडतराऊत.

गवंडी म्हणाला, "दोन खोल्यांच्या मध्ये खिडकी कशाला? बुजवून टाकू. अर्ध्या दिवसाचं काम." सूनबाईंनाही तिथे फळ्या हव्या होत्या. मालकीणबाई ओट्यावरचे डबे पुसत राहिल्या. तेच मला लागलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी झडपा काढायला आला, तेव्हा त्या काठी टेकत पुढे झाल्या. "माझा पलंग या खिडकीखाली लावायचाय."

"आई, झडप डोक्यात बसेल ना," मुलगा म्हणाला.

"कशी बसेल? ही तिकडे ओट्यावर उघडते. तुझ्या बाबांनी बसवलीय." मग त्यांनी माझे गज धरले. "जन्मभर नावं ठेवली रे मी त्यांना. आता हिला हात लावू नका."

गवंड्याने विटा उचलल्या. फळ्या दुसऱ्या भिंतीवर गेल्या.

आता खोली पुरी झाली आहे, नुसता रंग बाकी आहे. काल संध्याकाळी माझा डोळा लागला होता आणि चौकटीवर दोनदा टकटक झाली. त्याच बाजूने. मी फसले. वाटलं, आलेच!

मालकीणबाई होत्या, पलंगावर बसलेल्या. आतून सूनबाई म्हणाल्या, "थांबा आई, ओटा आवरते." गजांमधून कप आला. तो दोन्ही हातांनी धरून त्यांनी पहिला घोट घेतला.

रंगारी आला की त्याला एवढं सांगा. माझ्या चौकटीवर उजवीकडे एक जागा ठोक्यांनी गुळगुळीत झाली आहे. तिथे रंग लावू नकोस म्हणावं. काल मालकीणबाईंचं बोट न बघता तिथेच पडलं होतं.