मुठीवरची दोरी

क्रोधाने किंवा लोभाने घडलेला अपराध मनुष्य चटकन ओळखतो. त्याचे रूप कुरूप असते आणि त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे जाते. दयेच्या हातून घडलेला अपराध मात्र दीर्घकाळ पुण्याच्या वस्त्रात वावरतो, आणि ते वस्त्र गळून पडते तेव्हा ज्याच्यावर दया केली त्याचेच रक्त सांडलेले असते. अशा अपराध्याला शासन करायला कोणी पुढे येत नाही. उलट लोक त्याचे आभार मानतात. त्या माघ महिन्यात होशिना एइकिचीची अवस्था अशी होती.

हवालदार कुवाबाराने फुमिएताईंचे बर्फ उडवणारे यंत्र छोट्या ट्रकमधून आणून त्याच्या कार्यशाळेच्या दारात उतरवले, तेव्हा एइकिची एका जुन्या पट्ट्याला पडलेल्या भेगा बोटाने चाचपत बसला होता. खोऱ्यातल्या साऱ्या घरांची यंत्रे त्याच्याच हाताखालून जात. उन्हाळ्यात भातलावणीची, हिवाळ्यात बर्फाची.

“काका, जरा तपासून सांगा, ताईंचा अपघात झाला तेव्हा यात काही बिघाड होता का,” कुवाबारा म्हणाला. “वर कळवावं लागतं मला.”

एइकिचीने तेल पाहिले, ते स्वच्छ होते. पट्ट्याचा ताण योग्य होता. बर्फ ओढून घेणाऱ्या मळसूत्री पात्यांचे बोल्टही शाबूत होते. पात्यांत दगड अडकला तर ते आधी तुटावेत आणि यंत्र वाचावे, म्हणून हे बोल्ट मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात. बर्फ दूर फेकणाऱ्या नळकांड्याचा आतला भाग कोणीतरी गरम पाण्याने धुतला होता.

“यंत्रात दोष नाही,” तो म्हणाला.

“मला वाटलंच. दांडीला दोरी बांधलेली होती हो. मी विचारलं, ही कोणी बांधली, तर ताई म्हणाल्या, मीच. हात दुखतात म्हणे. आता बोला. आमची आई तरी काय वेगळी आहे? सांगून ऐकेल तर शपथ.”

एइकिची “हं” एवढेच म्हणाला. कुवाबाराने एइकिचीची पत्नी सादायो हिने दिलेला चहा घेतला, रस्त्यावरच्या बर्फाला दोन शब्द ऐकवले आणि तो निघून गेला. दोरी बांधणारा आपल्यासमोर बसला होता, हे त्याच्या गावीही नव्हते. त्या एका हुंकाराने एइकिची असत्यात शिरला होता, आणि तेथून बाहेर पडण्याची वाट दर दिवशी थोडी अधिक बुजत चालली.

अशा यंत्राच्या मुठीला एक दांडी असते. ती दाबून धरली तरच यंत्र चालते आणि पाती फिरतात. हात सुटला की सारे थांबते. मनुष्य घसरेल, त्याला भोवळ येईल, तो यंत्राखाली जाईल, हे जाणून कोणा शहाण्याने केलेली ही योजना आहे. जे हात स्वतःला सावरू शकत नाहीत त्यांनाही ती सावरते. एइकिची हे इतरांना शिकवीत असे. बर्फ पडण्यापूर्वीच्या फेरीत, प्रत्येक अंगणात, तो तेच शब्द त्याच क्रमाने उच्चारी: नळकांडे तुंबले तर इंजिन बंद करायचे, किल्ली काढायची, पाती थांबेपर्यंत उभे राहायचे आणि मग यंत्राला लावलेल्या काठीने बर्फ काढायचा, हात कदापि घालायचा नाही. कच्च्या बोल्टाऐवजी पक्का बोल्ट बसवून मागणाऱ्याला तो भर रस्त्यात फटकारी. अशा मनुष्याच्या हातून ही गोष्ट घडली.

फुमिएताई गावाच्या नाभिक. पतीच्या पश्चात त्याचे दुकान त्या एकट्या चालवीत. एइकिचीच्या मिशा फुटल्या त्या वेळी पहिला वस्तरा फिरवला तो त्यांनीच, आणि खोऱ्यातल्या किती वृद्धांचे अखेरचे क्षौरही त्यांच्याच हातचे. दुकानापुढचा बर्फ सकाळीच काढला नाही तर गिऱ्हाईक दारापर्यंत पोहोचत नाही. संधिवाताने त्यांची बोटे वळेनाशी झाली होती. त्या वर्षीच्या फेरीत त्यांनी मूठ मिटून दाखवली. ती अर्धीच मिटली.

“ही दांडी धरून धरून बोटं अशी आखडतात की मग कात्री धरवत नाही,” त्या म्हणाल्या. “एइसान, काहीतरी कर की रे. इतका मोठा कारागीर तू.”

अंगणातली झाडे बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून ती दोऱ्यांनी आवळून बांधण्याचे ते दिवस होते. उरलेल्या दोरीचा तुकडा त्याच्या खिशात होता. त्याने दांडी दाबून मुठीशी बांधून टाकली आणि पाती चालू-बंद करायला दुसरा खटका आहेच, तो विसरू नका, असे बजावले. ताईंनी त्याला मुळ्याचे लोणचे बांधून दिले. घरी परतताना त्याला स्वतःविषयी बरे वाटत होते, आणि पुढे त्याला सर्वांत अधिक बोचली ती हीच आठवण.

गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. वरच्या आळीतल्या इसोबे आजोबांनी निरोप धाडला, ताईंना करून दिलंस ते मलाही करून दे, की आम्ही परके? मग पुलापलीकडची दोन घरे, मग देवळामागची विधवा. नाही म्हणणे त्याला जमले नाही. एकदा एकाला दिलेली दया दुसऱ्याला नाकारायची तरी कशी?

त्या सकाळी बर्फावर पाऊस पडून गेला होता आणि बर्फ ओल्या पिठासारखा जड झाला होता. नळकांडे तुंबले. ताईंनी आजवर जे केले तेच केले, मूठ सोडली. वर्षानुवर्षांच्या सवयीने शरीराला ठाऊक होते, हात सुटला की यंत्र शांत होते. दोरीची आठवण मनाला असेल, हाताला नव्हती. इंजिन बंद करायला हवे होते, ते राहिले. काठी घ्यायला हवी होती, तीही राहिली. त्यांनी हात घातला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली.

एइकिची रुग्णालयात भेटीला गेला तेव्हा तो मनाशी सारे जुळवून गेला होता. दारातच ताईंची कन्या नाहोको उठून उभी राहिली आणि कमरेत वाकून म्हणाली, की आईमुळे तुम्हाला फार त्रास झाला, तुम्ही सांभाळलेल्या यंत्राला असा डाग लागला, क्षमा असावी. पलंगावरून ताईंनीही मान लववली. बांधलेला हात उशीवर होता. त्या म्हणाल्या की आपण मूर्खपणा केला आणि नाव एइकिचीचे खराब व्हायची वेळ आणली. निघताना नाहोकोने त्याच्या हाती मिठाईची पेटी दिली. ज्याने शासन भोगावे त्याने प्रसाद घ्यावा, अशा मनाने तो ती पेटी मांडीवर ठेवून बसमध्ये बसून राहिला. एक शब्दही त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

सादायोने पेटी देवापुढे ठेवली. तिने काही विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जेवताना वरच्या आळीतून यंत्राचा आवाज आला आणि एइकिचीचा हात वाडग्यावर थबकला. तिसऱ्या दिवशीही तेच झाले.

“अहो,” ती म्हणाली, “इसोबे आजोबांचं यंत्र लागलं की तुमचा घास अडकतो. का?”

त्याने वाडगे खाली ठेवले.

“ताईंना दोरीची गाठ मारता येईल का हो त्या बोटांनी? त्यांना कंगव्याचा डबा उघडायला गिऱ्हाईक लागायचं.”

मग त्याने सांगितले. घरेही मोजून दाखवली. सादायो रागावली नाही, रडलीही नाही. वाडगी आवरताना तिने एकच विचारले, त्या बाकीच्या दोऱ्या अजून बांधलेल्याच आहेत ना.

त्या बांधलेल्याच होत्या. हाच त्याचा खरा नरक होता. ताईंची बोटे गेली ती काही केल्या परत येणार नव्हती. परंतु रोज पहाटे खोऱ्यात जी यंत्रे सुरू होत त्यांतली काही त्याच्या गाठीवर चालत होती. कोणी बाहेर नसताना जावे आणि गुपचूप दोऱ्या कापाव्यात, असा विचार त्याने केला. पण कारण कळल्यावाचून ही वृद्ध मंडळी दुसरी दोरी बांधतील, हे तो जाणून होता. आणि कारण सांगायचे तर सारे सांगावे लागणार. ताईंनी त्याच्यासाठी उभे केलेले असत्य त्याला झाकीत होते, आणि तेच इसोबे आजोबांचा हात पात्यांकडे ढकलीत होते. एकाच वस्त्राने दोन्ही कामे चालली होती.

तो पुन्हा रुग्णालयात गेला. बाहेर दाट बर्फ पडत होता. नाहोको सफरचंद सोलत होती. एइकिची पलंगाशी गेला आणि जमिनीवर गुडघे टेकून त्याने कपाळ फरशीला लावले.

“दोरी मी बांधली,” तो म्हणाला. “हवालदारांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो. तुम्ही दोघींनी माझी क्षमा मागितली तेव्हाही गप्प बसलो.”

नाहोकोची सुरी थांबली. सोललेले अर्धे सफरचंद तिने बशीत ठेवले आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्या पाठमोऱ्या आकृतीत क्षमेचे काहीही चिन्ह नव्हते, आणि ते असावे अशी अपेक्षा एइकिचीनेही केली नाही.

“ऊठ बघू,” ताई म्हणाल्या. “फरशी गार आहे. दोरी मीच बांधली असं मी कोणाला विचारून सांगितलं होतं? तुझं नाव घेतलं असतं तर तुझं दुकान बसलं असतं. मग आमची यंत्रं कोण बघणार, कुवाबारा? आणि इंजिन बंद न करता हात कोणी घातला? मी. ते तू थोडंच शिकवलं होतंस?”

“हात सुटला की यंत्र थांबतं, असं मीच शिकवलं होतं, ताई. आणि ते खोटं ठरवलं तेही मीच.”

ताईंनी आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिले. कात्रीविना उरलेले आयुष्य कसे असेल, हे कदाचित त्या क्षणी प्रथमच त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे, कारण त्यांचा आवाज फुटला तेव्हा तो पहिल्यासारखा नव्हता.

“हो,” त्या म्हणाल्या. “तेवढं खरं आहे.”

या वाक्याने एइकिचीला आजवरच्या साऱ्या सांत्वनाहून अधिक आधार दिला, हे सांगितले तर कोणाला नवल वाटेल. ज्याचे ओझे त्याच्याकडे आले होते. त्याने मग पुढचेही सांगितले, की आणखी घरांत तशाच दोऱ्या आहेत. ताईंनी मान वर केली.

“मग इथं काय करतोयस?” त्या म्हणाल्या. “बर्फ पडतोय.”

वाटेत तो चौकीवर थांबला. कुवाबाराने सारे ऐकून घेतले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, की हे आता वर कळवावे लागेल, पुढे काय होईल ते आपण सांगू शकत नाही. एइकिची म्हणाला की त्यासाठीच आलो आहे. तेथून तो पुलापलीकडे गेला, मग देवळामागे. प्रत्येक अंगणात त्याने दोरी कापली आणि ती का कापली हे सांगितले, आपले नाव वगळले नाही. एका घरी त्याला चहा मिळाला. दुसऱ्या घरी दार लावून घेतल्याचा आवाज त्याने पाठीवर झेलला.

वरच्या आळीत इसोबे आजोबा यंत्र घेऊन अर्ध्या अंगणात पोहोचले होते. त्यांनी त्याला हात करून इंजिन बंद केले आणि सारे ऐकून घेतले. ताईंचा अपघात आजवर ते केवळ दुर्दैव मानत होते. आता ते पांढऱ्या भुवयांखालून त्याच्याकडे पाहत राहिले.

“म्हणजे माझा हात जायची वाट बघत होतास होय रे?” ते म्हणाले.

“हो, आजोबा. तसंच झालं ते.”

“लाज आहे का?”

“आहे.”

त्याने दोरी कापली. दांडी उसळून वर आली. आजोबांनी ती दाबून पाहिली. त्यांचा तळवा थरथरू लागला आणि थोड्याच वेळात दांडी सुटली. पुन्हा दाबली, पुन्हा सुटली. एवढ्या बर्फाचं मी आता काय करू, असे ते कोणाला तरी उद्देशून पुटपुटले, पण एइकिचीकडे न पाहता.

“सरका,” एइकिची म्हणाला. “हे अंगण या हिवाळ्यात माझं. बाकीच्यांनाही तसंच सांगून आलोय. ताईंच्या दारापासून सुरुवात करीन आणि तुमच्यापाशी संपवीन.”

“सगळ्यांचं? तू काय तरुण आहेस?”

“नाही. म्हणूनच दांडी सुटेल तेव्हा थांबेन.”

त्याने इंजिन सुरू केले आणि मूठ आवळली. ओल्या बर्फाची कमान कुंपणापलीकडे पडू लागली. अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाता जाता त्याच्या मनगटात कळ उठली, बोटे बधिर झाली आणि त्याच्याही नकळत उघडली. पाती थांबली, यंत्र जागीच उभे राहिले. आजोबा पायरीवर बसून पाहत होते. एइकिचीने हात काखेत धरून ऊब घेतली, बोटे एकदा मिटून पाहिली आणि पुन्हा मूठ धरली.

ज्या हाताने दया करताना चूक केली आणि जो हात त्या चुकीखाली सापडला, त्या दोन्ही हातांना शांती मिळो. खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या त्या कन्येच्या मनालाही, तिला हवी तेव्हा, विसावा लाभो. आणि त्या खोऱ्यात पहाटे बर्फ काढायला निघणाऱ्या प्रत्येकाचे हात संध्याकाळी जसेच्या तसे घरी परत येवोत.