नऊ-दहाची हजेरी

मामांच्या नावासमोरची शेवटची खूण तिने काढली, 'जतन करा'वर टिचकी मारली आणि हात मांडीवर ठेवून जरा वेळ तशीच बसून राहिली. दुपारचे साडेचार झाले होते. आठ महिन्यांपूर्वी वारलेला माणूस कंपनीतून गेला तो आज.

कंपनीचं काम लिफ्ट सांभाळण्याचं. शहरभरच्या चारशे बारा लिफ्ट. दार किती वेळा उघडलं, ब्रेक किती तापला, दोर किती ताणला, हे सेन्सर दर पाच मिनिटांनी कळवणार, त्याचे रिपोर्ट होणार आणि कोणी कोणता रिपोर्ट पाहायचा त्याची चावी हिच्याकडे. म्हणून सगळे तिला 'चावीवहिनी' म्हणत. मिस्त्र्याने आपल्या भागातल्या लिफ्ट पाहायच्या, बिलांच्या माणसाने बिलं पाहायची, साहेबांनी सगळं पाहायचं आणि काहीच उघडायचं नाही. स्वतः वहिनीला मात्र एकही रिपोर्ट पाहायची परवानगी नव्हती. चावी ज्याच्या हातात त्याने आत डोकवायचं नाही, हा नियम. सहा महिन्यांत तिचं एक मत पक्कं झालं होतं: ज्याला काम कमी, त्याला ॲक्सेस जास्त हवा असतो.

मामा कोणाचेच मामा नव्हते. हे सगळे रिपोर्ट त्यांनी उभे केले होते, आणि ते गेल्यावरही त्यांचं खातं तसंच चालू राहिलं होतं. "त्यांना हात लावू नका, काहीतरी बंद पडेल," असं जो तो म्हणे. पण उद्या परवानग्यांची यादी बघायला तपासनीस येणार होता.

"वहिनी, यादी स्वच्छ पाहिजे," साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. "गेलेला एकही माणूस त्यात दिसता कामा नये. दिसला, तर तुमचं कायम झाल्याचं पत्र माझ्या खणातच राहील. मग मला बोल लावू नका."

तीन आठवडे खपून तिने मामांच्या नावावर चालणारी एकेक गोष्ट कंपनीच्या सामाईक खात्यावर आणली होती. आता त्यांच्यावाचून काहीही अडणार नव्हतं. तिला एकच नोंद खटकत होती. मामांच्या खात्यातून रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लिफ्टचा मोठा रिपोर्ट उघडला जात होता. रविवार सोडून.

"वेळापत्रक लावलेलं असेल," ती सर्व्हरवाल्याला म्हणाली होती.

"तसं असलं की 'आपोआप' लिहून येतं."

"आणि इथे काय आलंय?"

"'हाताने'." त्याने चष्मा पुसला. "टेबल बावीसवरून."

"बावीस तर माझं."

"आधी त्यांचं होतं. पासवर्ड तर मीच बदललाय, ते गेले त्याच आठवड्यात. जाऊ द्या हो वहिनी, नोंदी काय, चुकतात कधीकधी. माणसांकडूनच शिकल्यात."

कचेरी साडेनऊला उघडे. नऊ-दहाला तिच्या टेबलाशी कोणी असण्याचं कारण नव्हतं. तिने ते मनावर घेतलं नाही. म्हणजे, घेतलं नाही असं घरी नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती नऊला पाच कमी असतानाच आली. दिवे लावले, पिशवी खुंटीला अडकवली. तिची खुर्ची टेबलात सरकवलेली होती, काल तिने ठेवली होती तशीच. तिने ती बाहेर ओढली, बसली आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत राहिली.

नऊ-दहाला एक विनंती आली.

ज्याला परवानगी नाही त्याने रिपोर्ट उघडायला पाहिलं, की चावीवाल्याकडे विनंती येते. नाव, रिपोर्ट आणि खाली कारणाची एक ओळ. लोक तिथे 'अर्जंट' लिहीत, नाहीतर 'साहेबांनी सांगितलंय'. या विनंतीवर मामांचं नाव होतं. कारण होतं: '७. अकराच्या आत.'

खाली दोन बटणं. 'द्या' आणि 'नाकारा'.

तिने 'नाकारा' दाबलं. मिनिटाच्या आत विनंती परत आली. या वेळी कारणात एक शब्द वाढला होता: '७. अकराच्या आत, वहिनी.'

मामा गेले तेव्हा ती या कंपनीत नव्हती. तिला वहिनी म्हणणारंही तेव्हा इथे कोणी नव्हतं.

सात नंबरची लिफ्ट याच इमारतीची. गावभरच्या लिफ्ट तपासणाऱ्यांची स्वतःची, दिव्याखाली अंधार. अकराला तपासनीस तिच्यातूनच वर येणार होता. तिने मिस्त्र्याला फोन लावला.

"सातला काय व्हायचंय? सगळं हिरवं आहे," मिस्त्री म्हणाला. मागे त्याच्या स्कूटरचा आवाज येत होता. "कोण म्हणतंय?"

तिने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मामा. नुसता आकडा आणि वेळ. कारण नाही."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. स्कूटरचा आवाज बंद झाला.

"मामा तसंच सांगायचे," तो हळू म्हणाला. "मी येतो. पण वहिनी, हिरव्या लिफ्टला मला कुलूप नाही लावता येत. रिपोर्टात कोणाची तरी शंका नोंदलेली लागते."

"तू नोंदव."

"सात माझ्या भागात नाही, मला नुसता रंग दिसतो; भाग बदलायला साहेबांची सही लागते. आपल्या इमारतीचं मामाच बघायचे. साहेबांना सांगा."

"साहेब साडेदहाशिवाय फोन उचलतात का कधी?"

"मग तुम्हीच बघा. चावी तुमच्याकडे."

तिने फोन ठेवला. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि टेबलाचा खण इथून दिसत होता. त्यात तिच्या नावाचं पत्र होतं. आज 'द्या' दाबलं, तर यादीत मामांचं नाव आजच्या तारखेसह परत चढणार होतं.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी तिने 'द्या' दाबलं, आणि पडद्यापासून हात असा काढून घेतला जसा तवा तापलाय की नाही बघताना घेतात.

दोन मिनिटांत मिस्त्र्याचा फोन आला. "पडली शंका. सात पिवळी झाली. मामांच्या नावाने." मागे स्कूटर पुन्हा सुरू झाली. "फोनवरूनच कुलूप लावतोय, पोचतोच."

दहा वाजायच्या सुमाराला तो पुन्हा बोलला, तो लिफ्टच्या वरच्या यंत्रघरातून. आवाज घुमत होता. "वहिनी, ब्रेकची पट्टी हातातच आली. सेन्सर कुठे तोंड करून बसला होता, देव जाणे. माणूस चढला असता ना..."

तपासनीस अकरा वाजून सात मिनिटांनी आला, सहा मजले चढून, कॉलर ओली करून.

"लिफ्टच्या कंपनीत जिन्याने यावं लागतं होय?"

"आज जिनाच बरा, साहेब," ती म्हणाली.

तो टेबल बावीसपाशी उभ्यानेच यादीवरून पेन्सिल फिरवायला लागला. शंभर नावं, दीडशे, दोनशे. साहेब त्याच्या खांद्याआडून बघत होते. पेन्सिल एका नावावर थांबली. साहेबांनी ते नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"यांना आज सकाळीच परवानगी दिलीये," तपासनीस म्हणाला. "आणि लगेच नोंदही केलीये त्यांनी. लिफ्टबद्दल."

"हो."

"कामावर आहेत हे?"

साहेबांनी तिच्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली. नाही म्हण, चूक झाली म्हण. तिला खण दिसत होता.

"आहेत," ती म्हणाली.

"वेळेवर येतात?"

"नऊ-दहाला. एक खाडा नाही."

"बरं झालं," तपासनिसाने रुमालाने मान पुसली. "असा माणूस मला भेटायचाच आहे. बोलवा त्यांना."

साहेबांनी डोळे मिटले. ती उठली. तिने आपली खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढली, कोणाला बसायला द्यावी तशी, आणि स्वतः बाजूला उभी राहिली.