एका धावेचे कार्ड

मित्रांनो, मला हातात घ्यायचे तर हळूच घ्या. मी एक जुने क्रिकेटचे कार्ड आहे आणि माझ्या अंगावर आता फारसे काही उरलेले नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तुमचे आईवडील शाळेत होते तेव्हा च्युइंगमच्या पाकिटातून माझ्यासारखी कार्डे निघायची. पुढे खेळाडूचा फोटो, त्याखाली नाव आणि मागे धावांचा आकडा. धावा जमवल्या की बक्षीस मिळे. मोठ्या फलंदाजांच्या पाठीवर चौकार-षटकार असत. माझ्या पाठीवर होती एक धाव, आणि पोटावर चिमाजी गांगुर्डे नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज. एका हंगामासाठी तो राज्याच्या संघात गेला, फोटो काढला गेला आणि लगेच त्याचा खांदा निकामी झाला. पुढच्या हंगामात त्याचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते.

साहजिकच मला कोणी विचारीना. ज्या मुलाच्या पाकिटात मी निघाले, त्याने तोंड वाकडे करून मला मखमलाबादच्या शाळेच्या पायरीवर टाकले. तिथून मला महेशने उचलले. महेशचे घर फुलशेती करणाऱ्या माळ्यांचे. त्याला छंद असा की कोणालाच नको असलेले खेळाडू जमवायचे. राखीव यष्टिरक्षक, एका सामन्यानंतर घरी बसलेले, कायम पाणी घेऊन धावणारे, असे सगळे आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुखाने राहत होतो. मित्र त्याला हसत. तो म्हणे, "मोठ्यांना सगळेच विचारतात. यांना कोण विचारणार?" खरे सांगते, तेव्हा मला फार बरे वाटे.

महेश मोठा झाला आणि सातपूरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला लागला. तिथे लेथवर एक वयस्कर टर्नर होते. चहाच्या सुट्टीत पोरे त्यांची फिरकी घेत, "काका, सांगा ना, कार्डावर तुमचा फोटो आला होता ती गोष्ट!" महेशने त्यांचे आडनाव ऐकले आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"काका, तुम्ही डावखुरे ना? अहो, तुम्ही माझ्या डब्यात आहात!"

चिमाजीकाका त्याच्याकडे बघतच राहिले. "म्हंजे खरंच छापलं होतं त्यांनी? मी तर कधी बघितलंच नाय रे."

मग त्यांनी मनातले सांगितले. त्यांची नात वेदिका दुसरीत होती. माझे आजोबा कार्डावर आहेत, असे तिने वर्गात सांगितले होते आणि सारा वर्ग हसला होता. बाई म्हणाल्या होत्या, "मग आणून दाखव." तेव्हापासून पोरगी रोज काकांकडे कार्ड मागत होती. महेशने शब्द दिला, "खंडेनवमीला मशीनची पूजा असते, सगळ्यांची पोरंबाळं येतात. तेव्हा सगळ्यांसमोर देतो." मित्रांनो, त्या दिवशी मी डब्यात फुगून बसले होते. मोठमोठ्या फलंदाजांच्या कार्डांनाही असा मान मिळाला नसेल.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी महेशने मला दुसऱ्या दिवशी घालायच्या शर्टाच्या खिशात ठेवले आणि तो झेंडू तोडायला मळ्यात गेला. इकडे त्याची आई, नवसाबाई, सणासाठी तो शर्ट धुवायला निघाली. घरात झेंडूचे ढीग पडलेले, सगळे माळा ओवायला बसलेले, आणि तिचा दोरा गुंडाळायचा पुठ्ठा नेमका तेव्हाच भिजून मोडला. खिशातून मी निघाले. ताठ, कोरडे, अगदी हवे तसे. तिला अक्षरओळख नव्हती आणि घाई तर विचारू नका. दोरा अडकावा म्हणून तिने कात्रीने मला दोन खाचा पाडल्या. वरची कपाळात गेली, खालची नावात. मग ओला दोरा माझ्यावर फिरू लागला आणि मला दिसायचे बंद झाले.

महेशने घर उलथेपालथे केले. "आई, माझ्या खिशातला फोटो बघितला का गं?" ती म्हणाली, "फोटो? नाय बा, खिशात एक पुठ्ठा तेवढा होता." तिच्या मते फोटो म्हणजे काचेच्या चौकटीतला, भिंतीवरचा. तो मात्र तिचे पुढचे बोलणे ऐकायला थांबलाच नाही. मी तिच्या मुठीत होते. ओरडावेसे फार वाटले, पण कार्डाला कुठला आवाज?

सकाळी नवसाबाई सातपूरला टोपली घेऊन बसली. चिमाजीकाका लेथसाठी हार घ्यायला आले.

"मावशी, जरा लांब करून द्या. माझं मशीन मोठं हाये."

"देते की, भाऊ." तिने माझ्यावरचा दोरा सोडला, माळ वाढवली आणि दोरा दाताने तोडला. काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. हार घेऊन ते गेले. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये महेश रिकाम्या हाताने मान खाली घालून उभा राहिला, पोरे हसली आणि वेदिका रडली. हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळले.

दिवाळीच्या फुलांत दोरा संपला तेव्हा महेशने मला पाहिले. नवसाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मला काय ठाव रे, ह्यो माणूस हाये म्हणून!" महेशने मला पुसून खिशात घातले. त्याच संध्याकाळी तो मला काकांच्या घरी घेऊन गेला.

काकांनी मला दोन्ही हातांनी धरले. ओल्या दोऱ्याने तोंडाचा रंग पार खरवडून नेला होता. नावाच्या जागी खाच होती. उरला होता एक वर गेलेला डावा हात आणि पांढरी पँट.

वेदिकाने वाकून पाहिले. "आजोबा, याला तोंडच नाही."

"अगं, हेच आहेत. मी स्वतः नाव वाचलंय," महेश कळवळून म्हणाला.

"मग बाईंना काय दाखवू?"

काका माझ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग हसल्यासारखे करून म्हणाले, "राहू दे, बाळा. सांग बाईंना, आजोबांनी गंमत केली होती म्हणून."

मित्रांनो, ती गंमत नव्हती. तो वर गेलेला हात त्यांचाच होता, आणि हे ठाऊक असून मी त्यांच्या तळहातावर मुकाट पडून राहिले. कुठलाही जुना कागद-पुठ्ठा कापण्याआधी घरात एकदा विचारा, एवढेच माझे मागणे आहे. आणि तुमच्यापैकी कोणी वेदिकाच्या वर्गात असेल, तर माझे एक काम करा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. चिमाजी गांगुर्डे खरेच खेळले होते, असे बाईंना सांगा.