अक्काशी भांडायचं कसं

धुळ्याजवळ फागण्यात लिलाबाई आणि तिची थोरली जाऊ झुंबरबाई एकाच धाब्याच्या, सपाट मातीच्या छताच्या घरात वेगळ्या चुली मांडून राहत. दोघींचं पटत नसे. उन्हाळा लागला की धाब्यावर ज्वारीचे बिबडे-पापड कुणी कुठे वाळत घालायचे, यावरून त्या अशा भांडत की गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून ऐकायला येत.

मग झुंबरबाईच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि भांडण बंद पडलं. लिलाबाई रोज खीर न्यायची, "अक्का, दोन घास घ्या" म्हणायची. सगळं धाबं तिनं सोडून दिलं. अक्का मात्र भिंतीकडे तोंड करून पडायची. सलाइनमधून औषध चढवायला मंगळवारी धुळ्याला जायचं होतं, पण ती नाहीच म्हणत होती. खंड पडला तर आजार उलटेल, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, हिलालभाऊंना, स्पष्ट सांगितलं होतं.

सोमवारी दवाखान्यातल्या समाजसेविका लताबाई घरी आल्या. आता ह्या देवाधर्माचं सांगणार, असं लिलाबाईला वाटलं. पण त्या खाटेशेजारी खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, अन्नावरचं मन कधीपासून उडालं?"

अक्कानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग लिलाबाईकडे हात करून म्हणाली, "हाई मन्हासंगे गोड बोलाले लागनी, तवयपासून. मराले टेकेल मानूससंगेच असं बोलतस."

लिलाबाई उठून ओसरीवर आली. मागोमाग येऊन लताबाई तिला म्हणाल्या, "पूर्वी बोलत होता तशाच बोला. त्या अजून तुमच्या अक्काच आहेत."

"म्हणजे भांडू?"

"आलं भांडण, तर भांडा."

सांगणं सोपं होतं. दुपारी लिलाबाईनं अख्ख्या धाब्यावर बिबडे पसरले, खाली आली आणि दारातून म्हणाली, "अक्का, बठ्ठं धाबं मी लिधं. तुम्ही काय करशात?" तिचा आवाज तिलाच खोटा वाटला, नाटकात उभ्या केलेल्या पोरीसारखा.

अक्कानं मानही वळवली नाही. "त्या बाईनी शिकाडं ना? जाय, खीर लई ये."

लिलाबाईचं डोकं फिरलं. रागात 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं.

"हो, शिकाडं! तू भितकडे तोंड करीसन पडी राहिनी, मी काय करू? भाऊ रातदिन रडतस. मरानी एवढी हौस शे ना, मंग आजपासून खीर बंद!"

बोलली आणि तिनं जीभ चावली.

अक्का उठून बसली. "खीर? त्या पानीले खीर म्हंतस? साखर टाकाले हात आखडस तुना! आणि बिबडा उचल पहिले. मी अजून जित्ती शे!"

मग लिलाबाईनंही मागचं-पुढचं सगळं काढलं. दारात बाया जमल्या. हिलालभाऊ शेतातून आले आणि बाहेरच थबकले. बायकोचा तो जुना आवाज ऐकून त्यांना आत जाववेना.

मंगळवारी अक्का कुरकुरत का होईना, एसटीत बसली. दवाखान्यात बाकावर नंबरची वाट बघताना तिनं हळूच विचारलं, "लिला, मी वाचसू का?"

'काही होत नाही तुम्हाला' हे शब्द लिलाबाईच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

"माले नही माहीत, अक्का."

"मंग त्या बाईलेच इचारसू," अक्का म्हणाली. मग पदर सावरत उठली आणि लताबाईंची खोली कुठली ते शिपायाला विचारायला गेली.