बावीस मिनिटांची जलसमाधी

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात, बोरिवली मुक्कामी, मानवाने मृत्यूवर अंतिम विजय मिळवला. वेळ सायंकाळी पाच. चपलांची जबाबदारी ज्याची त्याची.

विजेते होते श्रीश्वासरोधानंद महाराज. गोराईच्या धक्क्याशी त्यांनी खाडीत बुडी मारली ती थेट बावीस मिनिटांनी वर आले, आणि याचा पुरावा मांडवात टीव्हीवर चालू होता. सिनेमा नव्हे, व्हिडिओ टेप. निम्म्या मंडळींनी टीव्हीच पहिल्यांदा पाहिला होता. त्यावर महाराजांऐवजी कावळा दिसला असता तरी नारळ फुटले असते.

पडद्यावर गढूळ पाणी आणि धक्क्याच्या पायऱ्या. बस. खाली मात्र पांढरे आकडे पळत होते: तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटी डोळ्यांना पकडता न येणारे आणखी दोन.

"पाहा!" पट्टशिष्य सहदेव काठीने आकडे दाखवत गरजला. "माणूस खोटं बोलेल, काळ बोलणार नाही. साक्षात कालपुरुष मोजतोय! एक आकडा गळला तर मिशी उतरवीन!"

तेवढ्यात चित्र थरथरलं.

"हे काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"समाधीचा कंप," सहदेव म्हणाला. लोकांनी हात जोडले.

असे कंप पाच झाले. मी मोजले, निवृत्त मास्तराला दुसरा उद्योग काय? माझ्या हयातीतला हा नववा बाबा. पहिल्या तिघांच्या वेळी मी तावातावाने भाषणं ठोकली होती. आता गुडघे दुखतात. मी उठूनही गेलो असतो, पण शेजारी सुगंधा होती.

सुगंधा गोराईची कोळीण, आमच्या आळीत मासळी आणते. पलीकडे तिचा नवरा धर्मा खोकत होता. क्षय. दवाखान्याच्या सुईने अंगावर मांस धरू लागलं होतं, तोच महाराजांनी आज्ञा केली: सुई सोड, गोळ्या सोड, रोज श्वास कोंड. फुप्फुसाच्या रोग्याला! तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, अजून महिनाभर असंच चाललं तर माझ्याकडे आणू नका.

"धर्मा, ऐक रे," मी म्हटलं.

"मास्तर, तुम्ही बावीस मिंटं ऱ्हाऊन दाखवा पान्यात. मग ऐकतो."

सुगंधा मात्र पडद्याकडे बघत होती, पाटीतली शिळी मासळी ओळखताना बघावं तशी.

"विन्सेंट," ती एकदम म्हणाली, "पयल्यापासून लाव रे."

विन्सेंट कांदिवलीचा, अंधेरीच्या ज्या कंपनीचं यंत्र भाड्याने आणलं होतं तिथला कारागीर. चित्रण सहदेवने स्वतः केलं होतं, विन्सेंट फक्त आज टेप दाखवायला आला होता. त्याने टेप मागे फिरवली.

"बघा. बुडी मारली तवा पानी वरच्या दुसऱ्या पायरीला. आता शेवट लाव." लावला. "आता मोजा. आनखी सहा पायऱ्या उघड्या! जन्मभर त्या धक्क्यावर पाट्या उतरवतेय. बावीस मिंटांत ओहोटीचं पानी दीड पायरी उतरतं. सहा उतरायला दीड तास लागतो."

"महाराजांच्या तपाने समुद्र मागे हटला!" सहदेव ओरडला.

"मग त्या दिवशी आमच्या होड्या कशा नाय रुतल्या रे मेल्या?"

विन्सेंट डोकं खाजवत होता. "मावशी, पण नंबर कुठे तुटत नाहीत." मग त्याने यंत्राला जोडलेली पेटी उलटी केली आणि हसायलाच लागला. "अरे देवा! बटण बघा ना, मास्तर."

त्या पेटीचं काम टेपवरच्या एकेका चित्राला नंबर देणं. सेकंदाला पंचवीस चित्रं. पुढे कापायला-जोडायला बसलं की नेमकं हवं ते चित्र नंबरावरून सापडतं. बटणाच्या जागा दोन. एकीवर आकडे घड्याळासारखे चालतात, टेप थांबली तरी. दुसरीवर टेप फिरेल तेवढेच चालतात. टेप थांबली की तेही थांबतात. बटण दुसरीवर होतं.

"म्हणजे?" धर्माने विचारलं.

"इकडे ये, धर्माभाऊ." विन्सेंटने त्याला यंत्राबरोबर आलेल्या कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि हातात बटाटावडा दिला. चित्रण सुरू केलं, बंद केलं. "खा आता."

धर्माला हल्ली घास जात नसे. चावत, खोकत, पाणी पीत त्याने अर्ध्या वड्याला दहा मिनिटं घेतली. सगळा मांडव त्याचं खाणं बघत होता. मग विन्सेंटने पुन्हा बटण दाबलं आणि टेप दाखवली.

पडद्यावर धर्मा, हातात अख्खा वडा. चौथा सेकंद. थरथर. पाचवा सेकंद: अर्धा वडा. मधे एकही आकडा गळला नव्हता.

"समाधीचा कंप," मी म्हटलं.

धर्मा हसला नाही. "म्हंजे ते वर येऊन श्वास घेत व्हते."

"पाच वेळा. दीड तासात बहुतेक जेवलेही असतील."

"आनि मला म्हनले, कोंड."

महाराजांना एकाएकी एकांताची निकड लागली आणि ते मांडवामागे गेले. बराच वेळ आले नाहीत. मी उभा राहिलो, चौथ्यांदा तेच बोललो: बाबांनो, डोळ्यांनी बघा, पण बघितलेलं तपासा. यंत्र खोटं बोलत नाही म्हणता, यंत्राचं बटण माणूस दाबतो. औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, कुणीही सांगो. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

लोकांनी शांतपणे ऐकलं. दोन-तीन बायका तोवर टीव्हीलाच हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या होत्या.

कुणाला काही विचारायचंय का, असं मी विचारलं. धर्माने हात वर केला.

"उद्या सकाळी दवाखान्यात जातो, मास्तर. फकस्त त्या नर्सबाईला सांगा, सुई जरा बारकी घे म्हनावं."