जाईची विरळणी

लेकीच्या डोहाळजेवणासाठी सुधा गायधनी यांनी फुलवाल्याला ऑर्डर दिली नव्हती. अपूर्वाची वाडी, म्हणजे मुकुटापासून कमरपट्ट्यापर्यंतचे सगळे फुलांचे दागिने, घरच्या जाईची करायची होती. तसे त्यांनी विहीणबाईंना फोनवर सांगूनही टाकले होते.

गंगापूर रोडवरच्या सोसायटीत, तळमजल्याच्या त्यांच्या खिडकीबाहेर ही जाई लोखंडी मांडवावर चढलेली होती. आधीचे दोन पावसाळे तिने नुसता पाला दिला. यंदा श्रावणात मात्र कळ्यांनी लगडली. श्रेय वरच्या मजल्यावरच्या भिमाजी आबांचे. निफाडची द्राक्षबाग धाकट्याकडे सोपवून ते थोरल्या मुलाकडे राहायला आले होते आणि इथे त्यांच्या हाताला काम नव्हते. उन्हाळ्यात त्यांनी जाई छाटली, नव्या काड्या तारेला बांधल्या, खत घातले. सुधाताई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. जाईच्या टपोऱ्या कळ्या दुपारी तोडून गुंफल्या की संध्याकाळी अंगावरच उमलतात. सकाळी रविवार कारंज्याच्या बाजारात सामान आणायला निघताना मांडवाखाली आबा दिसले, तशा सुधाताई थांबल्या.

"आबा, जरा लक्ष असू द्या हं. दुपारपर्यंत कळ्या चांगल्या फुगल्या पाहिजेत."

"फुगतील की. तुमी निर्धास्त जा, ताई."

त्या परतल्या तेव्हा मांडवाखालच्या ओल्या मातीत कळ्यांचा सडा पडला होता. आबा स्टुलावर उभे होते. हातात बारीक टोकाची कात्री. प्रत्येक झुबक्यातल्या मधल्या कळ्या ते उडवत होते आणि कडेच्या ठेवत होते.

"आबा! हे काय चालवलंय?"

"इरळणी. लय दाटी झालती. घडात गर्दी असली का मणी फुगत नाय. तुमीच म्हनल्या ना, फुगल्या पाहिजे?"

"अहो, ही काय द्राक्षं आहेत?"

आबांनी एकदा वेलाकडे पाहिले. "येल तर येलच हाय," ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

रामकुंडावरची पूजा आटोपून सुधाताईंचे यजमान बाळाजी तेवढ्यात फाटकातून आत आले. "काय आबा, जाईही द्राक्षांसारखी दुबईला पाठवताय का?" त्यांनी विचारले. खिडकीत उभी असलेली अपूर्वा हसली आणि आईचा चेहरा पाहून आत गेली.

जाईच्या झुबक्यात मधली कळी आधी उमलते. त्या संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या नेमक्या त्याच होत्या आणि त्याच खाली पडल्या होत्या. कडेच्या अजून हिरव्या होत्या. सुधाताईंनी खालच्या वेचल्या, धुतल्या. बहुतेकांच्या देठातून कात्री गेली होती, गाठ मारायला काही उरले नव्हते. काही आबांच्याच चपलेखाली आल्या होत्या.

शेवटी फुलवाल्याला फोन गेला. श्रावणातला शनिवार, त्याच्याकडे निशिगंध आणि शेवंतीच उरली होती. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा त्याचेच झाले. वेचलेल्या जाईचा एका मनगटापुरता गजरा झाला.

अपूर्वा छान दिसत होती. बायकांनी ओटी भरली, फोटो काढले. विहीणबाईंनी कमरपट्ट्यातल्या निशिगंधाच्या पांढऱ्या कळ्यांना हात लावला.

"ही तुमच्या घरची ना, जाई?"

"नाही. हातात आहे तेवढीच घरची," सुधाताई म्हणाल्या.

विहीणबाई "अस्सं" म्हणाल्या आणि त्यांनी कमरपट्ट्यावरचा हात काढून घेतला.

जेवायला आबाही होते. अपूर्वा स्वतः वर जाऊन त्यांना घेऊन आली होती. सुधाताई जिलेबी वाढत होत्या. आबांच्या शेजारच्याने ताटावर हात आडवा धरला, तरी "एकीने काय होतंय" म्हणत त्यांनी त्याला दोन वाढल्या. आबांच्या ताटात एक ठेवली. ते काही म्हणतील म्हणून थांबल्या नाहीत, आणखी घ्या असेही म्हणाल्या नाहीत. तशाच पुढच्या ताटाकडे वळल्या.