तादाइमाचं उत्तर

सहावीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास जपान शिकवणाऱ्या बाई स्वतः जपानला कधीच गेल्या नव्हत्या. त्यांचं सगळं जपान लेकीच्या फोनमधून आलेलं. लेक तिकडे पुलांचे नकाशे काढायची आणि कामावरून परतताना आईशी बोलत चालायची. तिथली मुलं आपला वर्ग आपणच पुसतात, हे बाईंनी असंच ऐकलं आणि शाळेत आणलं. पहिल्यांदा पोरांनी नाकं मुरडली. आता फडक्यासाठी मारामाऱ्या होत.

यंदा लेक सुट्टीवर आली. शाळेत शिक्षकाची एक जागा रिकामी होती आणि मुख्याध्यापक तिला घ्यायला एका पायावर तयार होते. बाई लेकीला त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. "चल, माझी वानरसेना बघून घे," एवढंच म्हणाल्या. पोरं बघून ती विरघळेल, असा त्यांचा होरा.

वर्गात मुलांनी घरी परतल्याचं नाटक केलं. दाराशी बूट काढून नीट जुळवले, खणखणीत आवाजात "तादाइमा!" म्हणाली आणि टुणकन जागेवर जाऊन बसली.

"म्हणजे काय?" लेकीनं विचारलं.

"मी आलो घरी!"

"शाब्बास. मग घरातलं माणूस काय म्हणतं?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"याला उत्तरपण असतं?" पहिल्या बाकावरची बडबडी म्हणाली. "बाई, तुम्ही अर्धंच शिकवलंत!"

"अगं, ही दार उघडून एवढंच म्हणते," बाई गडबडल्या. "पुढचं मी कधी ऐकलंच नाही."

लेक हसायला गेली, पण हसू ओठांवरच राहिलं. "माझ्या खोलीत दुसरं आहे कोण, आई?"

बाई उगाच फळा पुसू लागल्या.

"ओकाएरी," लेक मुलांकडे वळून म्हणाली. "आलास? ये, असं." मग तासभर पोरं आत-बाहेर करत एकमेकांना ओकाएरी म्हणत राहिली आणि ती त्यांच्यात रमून गेली. बाईंना वाटलं, जमलं.

शाळेच्या फाटकाशी त्यांनी विचारलंच. "राहतेस का गं इथे? जागा आहे."

"तरीच! मला वाटलंच, काहीतरी शिजतंय." लेकीनं आईचा हात धरला. "मला माझे पूल आवडतात गं. फक्त संध्याकाळी दार उघडताना तेवढं... तेवढंच."

बाई थोडं अंतर चालल्या. मग म्हणाल्या, "दार उघडतेस तेव्हा इथे शाळेचा शेवटचा, माझा मोकळा तास असतो, नाही का? जपान आता त्याच तासाला घेते."

लेक जपानला परतली. जपानच्या पुढच्या तासाला फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे किल्ली फिरली, दार करकरलं.

"तादाइमा."

"ओकाएरी!" सगळा वर्ग ओरडला. शेजारच्या वर्गातले गुरुजी दचकून डोकावले.

बडबडीनं फोनला कान लावला.

"ताई, फोन कट झाला का?" बडबडीनं विचारलं.

"नाही गं," पलीकडून आवाज आला. "बूट काढतेय."

घंटा झाली, पोरं पांगली. बाई फोन कानाला लावून त्या लांबच्या खोलीतली पावलं ऐकत उभ्या राहिल्या. तिथे खिडकी कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं.